पायाला भिंगरी, समोर कॅमेरा

आपल्या जिल्ह्यातील छायाचित्रणाचा आरंभ झाला तो अशा विषयांपासून, की ज्यांनी छायाचित्रकाराला कधी तसदी दिली नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील रॉबर्ट गिल हा अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामगिरीवर नेमला गेला, आयुष्याची पुष्कळ वर्षे त्याने त्याच डोंगराळ मुलखात काढली, पुढे कुंचल्याबरोबर कॅमेराही हाती घेतला, आणि पश्चिम भारतातील वास्तूंची व निसर्गाची त्याने घेतलेली जोडचित्रे १८६४ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या काळी काचेवर रसायनाचा ओला लेप द्यायचा, तो वाळण्याच्या आत ती काच कॅमेऱ्यात घालायची, झाकण काढून कित्येक सेकंद स्वस्थ उभे राहायचे आणि लगोलग अंधाऱ्या तंबूत धाव घ्यायची, असा सगळा खटाटोप असे. पण कैलास लेण्याच्या प्रांगणातला दगडी हत्ती हजार वर्षांहून अधिक काळ एका जागी उभा असल्यामुळे आणखी दहा सेकंद उभे राहण्यास त्याची हरकत नव्हती. तीन वर्षांच्या मुलाची मात्र असते, आणि ती तो दहाव्या सेकंदापर्यंत राखून ठेवत नाही.

विलायतेत या अडचणीवर एक चमत्कारिक तोड निघाली होती. आईला खुर्चीवर बसवून तिच्यावर पडद्याचे कापड पांघरायचे, त्या कापडाच्या मांडीवर मूल ठेवायचे आणि आत दडलेल्या हातांनी त्याला घट्ट धरायचे, अशा रीतीने काढलेली कितीतरी चित्रे आज संग्रहालयांत आहेत; त्यांत मूल स्वच्छ दिसते आणि त्याच्या पाठीमागे एक निराकार, अवगुंठित आकृती बसलेली असते. १८७१ नंतर कोरड्या काचांचा शोध लागून त्या बाजारात येऊ लागल्या, तेव्हा सेकंदांचे काम सेकंदाच्या अंशांत होऊ लागले. ज्या निजामी राज्यात आपले औरंगाबाद होते, त्या राज्याचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे या कोरड्या काचांच्या जमान्यात कीर्तीस चढले. रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या आणि इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी केलेल्या या गृहस्थाने १८९२ मध्ये हैदराबादेस खास जनानी स्टुडिओ उघडला, त्याचा कारभार एका इंग्रज बाईकडे सोपवला, आणि पडद्यातील स्त्रियांची चित्रे काढण्याची सोय करून दिली. अडचण तंत्राची असो वा शिरस्त्याची, ती समोरच्या माणसावर न लादता बंदोबस्त आधी आपण करावा, हे शहाणपण त्या तजविजीत होते. आणि लहान मुलांची छायाचित्रे काढू पाहणाऱ्या नवशिक्याला आज मला जे सांगायचे आहे, ते याहून फारसे निराळे नाही.

आज हाती असलेला साधा कॅमेराही एका सेकंदात अनेक चौकटी टिपतो, आणि घरोघरी असलेल्या भ्रमणध्वनीची गोष्ट तर बोलायलाच नको. बडोद्याला तयार होणारा आगफा क्लिक थ्री ज्यांनी वापरला असेल, त्यांना आठवत असेल की एका रिळात चित्रे बाराच निघत, शटरचा वेग कॅमेऱ्यानेच ठरवून टाकलेला असे, आणि म्हणून त्या पिढीतील बहुतेक बालके भिंतीला पाठ लावून, हात सरळ सोडून, उन्हाने डोळे बारीक करून उभी असलेली दिसतात. यंत्राची ती सक्ती केव्हाच संपली. तरीसुद्धा एखाद्या रविवारी सायंकाळी सिद्धार्थ उद्यानात जाऊन पाहा. नवा कोरा कॅमेरा गळ्यात अडकवलेला कोणी होतकरू तरुण आपल्या भाच्यापुढे उभा राहून ‘इकडे बघ, हलू नको, हस ना जरा’ अशी एकावर एक फर्माने सोडताना हमखास आढळतो, आणि भाचा प्रत्येक फर्मानाची उलट तामिली करतो. पाच मिनिटांत मामाच्या नाकीनऊ येतात, दहाव्या मिनिटाला भाच्याची आई डोळे वटारते, आणि जे चित्र अखेर निघते त्यात मूल असते खरे, पण त्याचे मूलपण नसते. मुलाला थांबवून चित्र काढायचे, ही मूळ समजूतच इथे सोडून द्यायला हवी. प्रकाश कोठून यावा, पाठीमागे काय असावे, यंत्राचे आकडे काय असावेत, या साऱ्या गोष्टींचा फैसला मूल येण्यापूर्वी झालेला असावा. ते आले की मग हुकूम त्याचा आणि ताबेदारी आपली.

प्रथम प्रकाशाचा विचार करू. कारण या शहराचा सूर्य घड्याळाशी इमान राखत नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून मोजतात आणि आपण त्याच्या पश्चिमेला सुमारे सात अंश आहोत, म्हणून येथे मध्यान्ह होते ती बाराला नव्हे तर सरासरीने साडेबाराच्या सुमारास, आणि फेब्रुवारीत तर पाऊण वाजत आलेला असतो. ‘सकाळी दहाला या, ऊन फार नसेल’ असे आपण पालकांना सांगतो तेव्हा हे अर्ध्या तासाचे अंतर आपल्या बाजूने असते; परंतु सायंकाळी हाच हिशेब उलटा पडतो आणि ऊन अपेक्षेहून उशिरापर्यंत रेंगाळते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो, उभ्या माणसाची सावली त्याच्या पायातळी नाहीशी होते. ज्या प्रकाशात शाळेतले शिक्षक मुलांना शून्य सावली दाखवतात, त्याच प्रकाशात मुलाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्याभोर होतात, नाकाखाली मिशीसारखी सावली पडते आणि कपाळ पांढरेफटक होते. याउलट डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे सत्तेचाळीस अंशांहून वर चढत नाही. सकाळी सातच्या सुमारास उगवून सहा वाजण्याच्या आत मावळतो, आणि पावणेपाचनंतर जो तिरपा, पिवळसर, धुळीतून गाळून आलेला प्रकाश मिळतो, त्याला तोड नाही. मे महिन्यात हीच वेळ सहाच्या पुढे सरकते, कारण सूर्यास्त तेव्हा सातच्या आसपास होतो. श्रावणातले ढगाळ दिवस पुष्कळ जण टाळतात. माझ्या मते ते वर्षातले सर्वांत उदार दिवस होत, कारण आभाळच तेव्हा एक प्रचंड पांढरा पडदा बनते आणि मूल कोणत्याही दिशेला पळाले तरी त्याच्या चेहऱ्यावरची छाया बिघडत नाही.

मूल कोणत्या दिशेला पळेल याचा नेम नसतो, म्हणूनच जागेची निवड महत्त्वाची. पाणचक्कीच्या आवारातील जुना वड, हिमायतबागेतली दाट झाडी, विद्यापीठाच्या परिसरातले सावलीचे रस्ते, अशा ठिकाणी जी सावली मिळते तिच्यात एक भेद नवशिक्याने ओळखायला शिकावा. पानांच्या फटींतून कवडसे पडत असतील तर ती सावली फसवी. मुलाच्या गालावर एक कवडसा आणि हनुवटीवर दुसरा पडला की चेहरा डागाळल्यासारखा दिसतो. जिथे माथ्यावर घट्ट छत्र आहे पण समोरची बाजू आकाशाला मोकळी आहे, अशी सावलीची कड शोधावी, मुलाचे तोंड मोकळ्या बाजूला येईल अशा बेताने त्याचा खेळ मांडावा, आणि आपण उजेडाकडे पाठ करून बसावे. बसावे हा शब्द मुद्दाम वापरतो. उभ्याने काढलेल्या चित्रात मुलाचा भांग ठळक येतो आणि पाय आखूड. गुडघे टेकून, प्रसंगी पालथे पडून, मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत कॅमेरा आणल्यावाचून त्याच्या जगात प्रवेश मिळत नाही, आणि या कामासाठी जुनी पँट घालून जाणे हे महागड्या लेन्सपेक्षा अधिक उपयोगी पडते.

आता वेगाचा हिशेब. चार वर्षांचे मूल खेळताना सेकंदाला तीन मीटर या गतीने धावते असे धरू. शटर १/६० सेकंद उघडे राहिले तर तेवढ्या अवधीत ते पाच सेंटीमीटर पुढे जाते, म्हणजे त्याचा डोळा डोळा न राहता एक लांबट धुरकट रेघ होते. १/५०० सेकंदात तेच अंतर सहा मिलिमीटरवर येते आणि १/१००० ला तीनवर. म्हणून बसून मातीत खेळणाऱ्या मुलाला १/२५० पुरते, चालणाऱ्याला १/५०० लागते, आणि झोक्यावरच्या किंवा उड्या मारणाऱ्या मुलासाठी १/१००० च्या खाली येऊच नये. हा वेग परवडतो की नाही, ते जुन्या मंडळींच्या एका ठोकताळ्याने पाहता येते: कडक उन्हात लेन्सचे छिद्र एफ १६ वर ठेवले तर शटरचा आकडा आयएसओच्या आकड्याइतका असावा. मोकळ्या सावलीत उजेड त्याच्या सुमारे आठव्या हिश्श्यावर येतो. तिथे छिद्र एफ ४ आणि आयएसओ ४०० ठेवले तर १/८०० सहज मिळतो. आयएसओ वाढवला तर चित्रात दाणे येतात ही भीती नवशिक्यांच्या मनात फार खोल बसलेली असते. पण चित्र दाणेदार असले तरी ते घरात लावता येते, हललेले मात्र लावता येत नाही, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

दुसरा मोह मोठ्या छिद्राचा. पार्श्वभूमी लोण्यासारखी विरघळलेली दिसावी म्हणून एफ १.८ वर काम करण्याची हौस प्रत्येकाला असते, परंतु ८५ मिलिमीटरच्या लेन्सने दोन मीटरवरून त्या छिद्राने पाहिले, तर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली फार तर सहा सेंटीमीटर भरते. आपल्याकडे धावत येणारे मूल तो पट्टा सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ओलांडून जाते. एफ ४ वर तीच खोली दुपटीहून अधिक होते आणि पाठीमागची झाडे तरीही पुरेशी मवाळ राहतात, मात्र मूल झाडांना टेकून न ठेवता त्यांच्यापासून आठदहा हात पुढे खेळते ठेवायला हवे. फोकस सतत पाठलाग करील अशी योजना बहुतेक कॅमेऱ्यांत असते, नव्या यंत्रांना तर डोळा ओळखून तो धरून ठेवता येतो. ती चालू करावी. चित्रांची सरबत्ती मात्र जपून वापरावी. बोट दाबून धरले की विचार थांबतो, आणि रात्री घरी बसून शेकडो जवळजवळ सारख्या चौकटींतून एक निवडण्याची शिक्षा भोगावी लागते.

झाक लार्तिग नावाच्या फ्रेंच मुलाला त्याच्या वडिलांनी बालपणीच कॅमेरा घेऊन दिला, आणि १९०५ साली, अकरा वर्षांच्या आसपासच्या वयात, जिन्यावरून उडी घेतलेल्या आपल्या नातलग मुलीचे त्याने काढलेले चित्र आज छायाचित्रणाच्या इतिहासात मानाने गणले जाते. त्याला सरबत्तीची सोय नव्हती. तो स्वतः त्या खेळातला होता, उडी केव्हा सर्वांत उंच जाते हे त्याच्या अंगात भिनलेले होते. झोका दोन्ही टोकांना क्षणभर थबकतो, घसरगुंडीच्या माथ्यावर बसलेले मूल खाली येण्यापूर्वी एकवार आईकडे पाहते, चेंडू फेकणाऱ्याचे तोंड फेकीच्या आधी उघडते. हे दुवे हेरले की वेगवान यंत्रावरची मदार निम्म्याने कमी होते. त्यासाठी पहिला थोडा वेळ कॅमेरा पिशवीतच ठेवून नुसते खेळ पाहावेत असे मी सुचवीन, आणि पालक घड्याळाकडे पाहू लागले तरी हा वेळ वाया गेला असे मानू नये.

प्रकाशमापकाविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण आपल्या शहरात त्याची कसोटी लागते. कॅमेऱ्यातील मापक हा जुन्या मामलेदार कचेरीतील कारकुनासारखा आहे: त्याच्यापुढे काय आले याच्याशी त्याला कर्तव्य नसते, सगळ्याची सरासरी मध्यम करडी भरली म्हणजे त्याचा कागद पुरा झाला. दिलरस बानू बेगमेच्या स्मरणार्थ सतराव्या शतकात उभारलेल्या बीबी-का-मकबऱ्याचा घुमट संगमरवराचा असून भिंतींचा बराच भाग घोटीव चुन्याच्या गिलाव्याचा आहे. ती सारी शुभ्रता चौकटीत आली की मापक घाबरतो, उजेड फार झाला असे समजून आवरता घेतो, आणि मकबरा मळकट तर समोरचे मूल काळवंडलेले निघते. अशा वेळी भरपाईची खूण अधिक एककडे न्यावी. त्याच भिंतींचा एक उपकारही आहे. उन्हातली भिंत मुलाच्या तोंडासमोर येईल अशा जागी, सावलीत, ते उभे राहिले तर ती भिंतच मऊ उजेड परतवते आणि वेगळ्या पडद्याची जरुरी राहत नाही. हातातल्या कॅमेऱ्याने घरगुती चित्रे घेण्यास तेथे आडकाठी नसते. तिपाई मांडायची किंवा धंद्याचे चित्रण करायचे असेल, तर पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करून परवानगी आधी पदरात पाडून घ्यावी, ऐनवेळी पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नये.

याच्या नेमका उलट प्रसंग येतो तो बोरनहाणाचा, आणि मुलांचे चित्रण शिकण्यासाठी याहून चांगली शाळा आपल्याकडे दुसरी नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत गच्चीवर किंवा अंगणात पाट मांडलेला असतो, वर आकाशात पतंगांची गर्दी असते, पाटावर काळे झबले किंवा काळा फ्रॉक घातलेले एक गोंधळलेले मूल बसलेले असते, आणि त्याच्या कपाळावर, गळ्यात, दंडात पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने चढवलेले असतात. काळ्या कपड्याने चौकट भरली की आपला कारकून आता उलट बाजूने चुकतो. त्याला वाटते उजेड कमी आहे, तो दार अधिक उघडतो, आणि हलव्याचा प्रत्येक काटेरी दाणा, ज्यासाठी कोणी आजी परातीपुढे तासन्‌तास बसलेली असते, एका सपाट पांढऱ्या ठिपक्यात लोपून जातो. भरपाई उणे पाऊण-एककडे नेली, तर काटे उमटतात आणि मुलाच्या गालांचा रंगही राहतो. मग औक्षण होते, आणि बोरे, चुरमुरे, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे यांचा वर्षाव सुरू होतो. डोक्यापासून फूटभर उंचीवरून सोडलेले बोर माथ्याशी येईतो सेकंदाला सुमारे अडीच मीटर वेग घेते. १/२५० ला ते एक सेंटीमीटरची रेघ होते, १/१००० ला बोर बोरासारखे दिसते. कॅमेरा मात्र ओतणाऱ्या हातावर न ठेवता मुलाच्या डोळ्यांवर ठेवावा, कारण पहिले बोर डोक्यावर पडल्यावर त्या चेहऱ्यावर आश्चर्य, संशय आणि आनंद या क्रमाने जे काही येऊन जाते, ते सारे दोन सेकंदांचे असते. पुढच्याच क्षणी भोवतालची पोरे पाटाकडे झेप घेतात आणि चौकटीत नुसती पाठमोरी डोकी उरतात. तीही काढावीत; पुढे मोठेपणी त्या चुलत-मावस भावंडांना आपली डोकी ओळखण्यात जी मौज वाटते ती सांगण्यापलीकडची आहे.

बोलण्याचाही एक दस्तूर आहे. ‘हस’ म्हटले की मूल दात दाखवते, आणि पाठीमागून आजोबा ‘ए सोन्या, काकांकडे बघ रे’ म्हणून हाका मारू लागले की त्याची नजर कॅमेऱ्याच्या वर, बाजूला, सगळीकडे जाते, फक्त भिंगात येत नाही. हाक मारायची असेल तर ती एकाच माणसाने, छायाचित्रकाराच्या खांद्यामागे बसून मारावी, असा करार मंडळींशी आधी करून घ्यावा. मुलाला काम द्यावे: वडाच्या पारंबीला किती मुंगळे चढताहेत ते मोज, आईच्या कानात एक गुपित सांग, तिथून इथवर बेडकासारखी उडी मारत ये. मोजताना त्याच्या कपाळाला जी आठी पडते, गुपित सांगताना आईचे जे हसू फुटते, ते मागून मिळत नाही. ‘काका, मला दाखवा ना’ असे ते म्हणेल, तेव्हा मागचा पडदा खरोखर दाखवावा. आपले चित्र पाहिलेले मूल सहकार्याला राजी होते, आणि कधी कधी कॅमेरा स्वतःच मागते, ही या सौजन्याची जोखीम होय. भूक आणि झोप यांच्यापुढे मात्र कोणतीही मसलत चालत नाही. दुपारच्या झोपेआधी ठरवलेली बैठक तहकूब करावी, आणि रडे सुरू झाले तर ते टिपून घ्यावे की नाही हा प्रश्न आईला विचारावा.

विचारण्याच्या गोष्टी आणखी आहेत, आणि त्या सुरुवातीलाच विचारलेल्या बऱ्या. ही चित्रे कोणापुढे जाणार? नवशिक्याला आपले काम चारचौघांना दाखवण्याची घाई असते, आणि हल्ली चारचौघे म्हणजे समाजमाध्यमांवरचे लाखो अनोळखी डोळे. पालकांची लेखी संमती घ्यावी, शाळेचे नाव असलेला गणवेश किंवा घराचा क्रमांक चौकटीत असेल तर ते चित्र बाहेर देऊ नये, टबात नाहणाऱ्या उघड्यानागड्या बाळाचे तर मुळीच नाही. आणि बागेत भोवती खेळणारी दुसऱ्यांची मुले चित्रात आली असतील, तर त्यांच्या आईबापांचीही मर्जी पाहावी. निवडीच्या वेळी एक अनुभव हटकून येतो. आपण ज्या चित्रावर मनोमन खूश असतो, ज्यात प्रकाश, फोकस, पार्श्वभूमी सगळे जमून आलेले असते, ते बाजूला सारून आई एखादे किंचित हललेले, अर्धा हात बाहेर गेलेले चित्र उचलते आणि म्हणते, ‘हा अगदी अस्साच आहे.’ तिच्याशी वाद घालू नये. दोन्ही चित्रे छापून द्यावीत, मागे शिसपेन्सिलीने तारीख आणि मुलाचे वय लिहावे, आणि मूळ प्रतींची एक नक्कल निराळ्या तबकडीत आपल्यापाशी ठेवावी. कारण पाचसहा वर्षांनी भ्रमणध्वनी बदलताना सगळे पुसले गेले म्हणून तोच पालक आपल्या दारात उभा राहतो.